बायकोच्या पीएचडीसाठी बिऱ्हाड हलतंय

प्रश्न : मी 31 वर्षांची, मिरजेची. सहा वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवलं. सीएसआयआरची जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली आणि आता बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पीएचडीला प्रवेशही मिळालाय. ऑगस्टच्या सुरुवातीला रुजू व्हायचं आहे. लेक फेब्रुवारीत चार वर्षांची झाली. नवरा कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, पगार 28 हजार. तो यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, ‘पाच वर्षांचा तर प्रश्न, पोरीला आमच्याकडे ठेवा, तुम्ही दोघं जा.’ आई म्हणते, आधी तू एकटी जा, वर्षभराने बघू. शिल्लक अडीच लाख आहे, थोडं सोनं आहे. माझी फेलोशिप 37 हजार. घर कुठे बघावं, लेकीच्या शाळेचं काय करावं, आणि तिला सोडून गेले तर मी वाईट आई ठरेन का, हे कळत नाहीये. रात्री झोप लागत नाही.
– एक वाचक, मिरज

उत्तर :

सर्वांत आधी लेकीचं सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तिला पाच वर्षांसाठी मिरजेत ठेवू नका. सहा-सात आठवड्यांसाठी जरूर ठेवा. तुम्ही जुलैअखेर एकट्या जा, हॉस्टेलमध्ये राहा. बाप-लेक गणपती झाल्यावर येतील. सासूबाई आणि आई दोघींचंही थोडं थोडं ऐकल्यासारखं होईल, हा त्यातला जादा फायदा. पण मी हे त्यासाठी सांगत नाही. तुमच्या खिशाचा हिशेब मांडला तरी हाच क्रम निघतो. हिशेबाकडे पुढे येतेच.

पाच वर्षं का नको? चार वर्षांचं मूल आजीकडे मजेत राहतं, रडतही नाही फारसं. अडचण नंतरची असते. नऊ वर्षांची मुलगी आई-बापाकडे ‘राहायला’ येते तेव्हा तिच्या मैत्रिणी, तिची शाळा, तिचा वाडा सगळं मिरजेत असतं आणि तुम्ही दिवाळीला येणारी माणसं असता. शिवाय ज्यांच्या भरवशावर तिला ठेवायचं, त्यांचंही वय या पाच वर्षांत वाढणारच आहे. वाईट आईच्या प्रश्नाला मी एवढंच उत्तर देईन : सहा आठवड्यांनी कोणी वाईट आई होत नाही. तुमच्या नवऱ्याला कंपनीने दोन महिने पुण्याला पाठवलं असतं तर ‘मी वाईट बाप ठरेन का’ असं पत्र त्याने मला लिहिलं असतं का, याचा जरा विचार करा.

आता खरं बोलायचं ते तुमच्या नवऱ्याविषयी. लेकीबद्दल, सासूबाईंबद्दल, आईबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. नवऱ्याच्या नोकरी-पगारापलीकडे त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे : ‘तो यायला तयार आहे.’ तयार आहे म्हणजे काय? तिथे तो सकाळी उठून कुठे जाणार, किती दिवस घरी बसणार, घरी बसला तर त्याला काय वाटणार, याबद्दल तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला आहात का? कारण तुमचा दिवस ठरलेला आहे. तुम्हाला क्लास आहेत, लॅब आहे, गाईड आहे, ओळखपत्र आहे. लेकीचा दिवस महिन्याभरात ठरेल, मुलं शेजार शोधतात. अनोळखी गावात ओळख नसलेला, पगार नसलेला आणि दुपारी चार वाजता करायला काही नसलेला माणूस तोच असणार आहे. शिक्षणासाठी हललेली घरं मी पाहिली आहेत. ती मोडकळीला आली ती बहुतेक वेळा पैशांनी किंवा मुलांनी नाही. बरोबर आलेल्या माणसाचे पहिले सहा महिने कोणी गृहीतच धरले नव्हते, म्हणून आली. बायको बरोबर आलेली असते तेव्हा तिच्या गळ्यात स्वयंपाकघर आयतंच पडतं, म्हणून तिची घुसमट दिसत नाही. नवरा असला की दिसते, एवढाच फरक.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली जुळून आलीये, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुमच्या संस्थेला लागून यशवंतपूर आहे, आणि यशवंतपूरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गावर दुसरं स्टेशन पीण्या. पीण्या म्हणजे बंगळूरची कुपवाड एमआयडीसी, फक्त तिच्या कितीतरी पट मोठी. मशीन शॉप, टूल रूम, प्रेस शॉप, हीट ट्रीटमेंट, सगळं तिथे आहे. व्हर्नियर-मायक्रोमीटर हातात धरलेल्या, ड्रॉइंग वाचता येणाऱ्या, तपासणीचे कागद नीट ठेवणाऱ्या माणसाला तिथे काम मिळतं. पण ते नोकरीच्या पोर्टलवर अर्ज टाकून मिळेल अशी आशा धरू नका. छोट्या शॉपमध्ये अजूनही ओळखीने आणि गेटवर जाऊनच भरती होते. म्हणून ऑगस्टमध्ये त्याने चार दिवस रजा काढून यावं. तुमचे हॉस्टेलचे दिवस असतील, तो स्वस्तात कुठेतरी उतरेल. बायोडाटा घेऊन पीण्यात हिंडावं. निघायच्या आधी कुपवाडच्या मालकालाच विचारावं की बंगळूरला कोण ओळखीचं आहे का. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या फाउंड्रीचं आणि मशीनिंगचं नाव त्या धंद्यातल्या लोकांना सांगावं लागत नाही. मालक चिडेल ही भीती असेल, पण नोटीस नीट दिली तर बरेच मालक फोन लावून देतात.

तरीही मी म्हणेन, काम लगेच मिळालं तरी त्याने दिवाळीपर्यंत रुजू होऊ नये. लेकीची शाळा, घराचं बस्तान, गॅस, दूधवाला, डॉक्टर हे सगळं त्या दोन महिन्यांत त्याच्याकडे. हे मदत म्हणून नाही, काम म्हणून. तुम्ही संध्याकाळी आल्यावर ‘आज काय केलंस’ असं विचारणार असाल तर लॅबमध्ये कोणी तुम्हाला विचारतं तसं विचारा, तपासणीसासारखं नको.

आणि मिरजेत लोक बोलणार. ‘बायकोच्या मागे गेला’ हे वाक्य त्याच्या मित्रांपैकी कोणीतरी टपरीवर बोलणारच आहे, तेव्हा ते आधी घरातच बोलून, हसून संपवून टाका. बाहेर सांगायला सोपी वाट अशी की बंगळूरला बदली झाली. लोकांना बदली कळते. कोणाची, ते विचारत नाहीत.

आता पैसे. फेलोशिप 37 हजार. हॉस्टेल न घेता बाहेर राहिलात तर जेआरएफला केंद्र सरकारच्या दराने घरभाडे भत्ता मिळतो, तो बंगळूरसारख्या शहरात साधारण दहा हजारांच्या घरात जातो. वर्षाला 20 हजारांचं आकस्मिक अनुदान असतं, पण ते पुस्तकं-रसायनांसाठी, घरात धरू नका. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनिअर फेलो, झालात की फेलोशिप 42 हजार. म्हणजे पहिली दोन वर्षं भत्ता धरून दरमहा 47 हजारांच्या आसपास. तिघांचं घर यात चालतं, ओढून-ताणून का होईना.

पण दरमहाचा खर्च नंतर. आधी बंगळूरचा ‘अ‍ॅडव्हान्स’ समजून घ्या. आपल्याकडे ज्याला डिपॉझिट म्हणतात ते. सांगली-मिरजेत दोन-तीन महिन्यांच्या भाड्यावर भागतं, तिथे पूर्वी सरसकट दहा महिन्यांचं मागायचे. आता पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते, पण घासाघीस करावी लागते. भाडं 20 हजार धरा. अ‍ॅडव्हान्स एक लाख ते एक लाख वीस हजार. दलालाला एक महिन्याचं भाडं. पहिल्या महिन्याचं भाडं. टेम्पो. शाळेची फी. दोन लाख असे हां हां म्हणता जातात, आणि शिल्लक आहे अडीच. त्यात फेलोशिपचा पहिला हप्ता कागदपत्रं होऊन हातात पडायला दोन-तीन महिने लागू शकतात. म्हणूनच म्हटलं, जुलैत तिघांनी एकदम जाऊ नका. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नवऱ्याचा पगार चालू, तुमचं राहणं हॉस्टेलच्या दरात, आणि तेवढ्या वेळात रुजू अहवाल, बँक खातं, फेलोशिपचे फॉर्म हे सगळं तुम्ही मार्गी लावलेलं. हॉस्टेल सोडल्याचा कागद घेतलात की भत्त्याचा अर्ज. सोनं मोडायचं नाही. तशीच वेळ आली तर तारण ठेवा, पण मला वाटतं येणार नाही.

घरावर ‘लीज’ अशी पाटी दिसेल. बंगळूरमध्ये याचा अर्थ वेगळा आहे. मालकाला एकरकमी आठ-दहा लाख द्यायचे, दरमहा भाडं शून्य, सोडताना रक्कम परत. ऐकायला छान वाटतं, आणि तुमचे सासरे ‘जमिनीचे आलेत ते देतो’ असंही म्हणतील. नको म्हणा. मालकाने ते पैसे कुठे घातले ते तुम्हाला कळत नाही, घरावर बँकेचं कर्ज असलं तर तुमचा नंबर शेवटचा, आणि मध्यस्थ पैसे घेऊन नाहीसे झाल्याच्या तक्रारी त्या शहरात होत आल्या आहेत. भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार, अ‍ॅडव्हान्स बँकेतून. रोख अजिबात नाही. घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची तिथे पद्धत आहे. करारात ते कलम वाचा. काढता येत नसेल तर रक्कम तरी लिहून घ्या.

कुठे बघायचं? मत्तीकेरे आणि यशवंतपूर या दोनच ठिकाणी आधी हिंडा. सदाशिवनगर संस्थेच्या भिंतीला लागून आहे, पण तो श्रीमंतांचा भाग, तिकडे नुसतं फिरायला जायचं, सँकी तलावावर. मल्लेश्वरम सुंदर आहे. जुनी घरं, आठव्या क्रॉसचा बाजार, फुलं, देवळं, आपल्या सदाशिव पेठेच्या माणसालाही करमेल. पण भाडं त्या मानाने जास्त, आणि तिथून पीण्याही यशवंतपूरपेक्षा लांब. न्यू बीईएल रोडला दवाखाने-हॉटेलं भरपूर, पण मेट्रो नाही. मत्तीकेरेतून तुम्ही चालत किंवा सायकलने लॅबला, नवरा यशवंतपूरहून मेट्रोने पीण्याला. हे गणित दुसरीकडे कुठे बसत नाही. रिक्षावाल्याला इंग्रजी नाव सांगून गोंधळ झाला तर ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणा. 1909 साली जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याच नावाने आहे.

घर बघताना तिथला पहिला प्रश्न पाण्याचा. कावेरीचं पाणी येतं का, किती दिवसांनी, की नुसतं बोअरवेल? बोअर आटलं तर टँकरचे पैसे कोण देतं? 2024 च्या उन्हाळ्यात त्या शहराने पाण्यासाठी जे हाल काढले ते तुम्ही बातम्यांत पाहिले असतील. मार्च-एप्रिलमध्ये काय होतं हे मालकाला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा. दुसरा प्रश्न मटणाचा. ‘शाकाहारी कुटुंबालाच’ असं कित्येक मालक तोंडावर सांगतात. खात असाल तर आधीच सांगून मोकळ्या व्हा. रविवारी खिडक्या लावून पाच वर्षं रस्सा करण्यात काही अर्थ नाही.

वीजबिलाचं एक विसरू नका : कर्नाटकात महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज माफ करणारी गृहज्योती योजना भाडेकरूंनाही लागू आहे, वीजबिलावरचा खाते क्रमांक आणि आधार जोडावं लागतं. आणि आधारवरचा पत्ता कर्नाटकचा झाला की शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचा प्रवास तुम्हाला फुकट. त्यामुळे पत्ता बदलायचा आळस करू नका.

लेकीची शाळा हा तुमच्या यादीतला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि खरं तर सर्वांत सोपा. ती बालवाडीच्या वयाची आहे. सप्टेंबरात मध्येच घातली तरी एलकेजीला कोणी अडवत नाही. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असलेली, अंगण असलेली कुठलीही बरी शाळा चालेल. ब्रोशर बघू नका, बाथरूम बघा. लाखभर फीची ‘इंटरनॅशनल’ नावाची शाळा तर बघायलाही जाऊ नका.

पहिलीसाठी मात्र एक गोष्ट आत्तापासून ध्यानात ठेवा. तुमच्या संस्थेच्या आवारातच केंद्रीय विद्यालय आहे. उच्च शिक्षण संस्थांमधल्या केंद्रीय विद्यालयांत प्रवेशाचा जो प्राधान्यक्रम असतो, त्यात संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांबरोबर दीर्घ मुदतीच्या संशोधनावर असलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलांचाही उल्लेख असतो. हे कित्येक पीएचडीवाल्यांना माहीतच नसतं, आणि ते बाहेर फी भरत राहतात. पहिलीला 31 मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात, तुमच्या लेकीची अजून दोन फेब्रुवारींनी होतील, बरोबर बसतंय. अर्ज वसंतात ऑनलाइन निघतात. त्या वर्षीचे नियम वाचा आणि विभागाकडून बोनाफाईड आधीच काढून ठेवा. निघायच्या आधी मिरजेत एक काम उरकून घ्या : तिचा महापालिकेचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकुराचाही काढा. परराज्यातल्या कारकुनासमोर मराठी दाखल्याचं भाषांतर करत बसण्यासारखा वैताग नाही. लसीकरणाचं कार्डही बरोबर असू द्या. पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर तिथेच द्यावा लागेल.

भाषेची काळजी तुम्ही लिहिली नाहीये, पण असेल. लेक खाली खेळायला गेली की दिवाळीपर्यंत कन्नड बोलायला लागेल आणि तुम्हाला दुकानात मदत करेल. मिरजेच्या माणसाला कन्नड अगदीच परकी नसते. नवऱ्याच्या घरात कोणी अथणी-चिकोडीकडचं असेल तर ते कन्नड ऐकून बंगळूरवाले गालात हसतील, पण ‘हे मूळचं बोलणारं माणूस’ म्हणून भाजीही नीट देतील. घरात मराठीच बोला, तिघंही, हट्टाने. आणि ज्वारीवाचून अडलं तर शहरात उत्तर कर्नाटकी खानावळी आहेत. तिथली भाकरी, भरल्या वांग्याचं एण्णेगाई आणि शेंगादाण्याची चटणी समोर आली की विजापूर आणि मिरज यांत फारसं अंतर उरत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल थोडंच सांगते, कारण तुमचं तुम्ही कराल. वर्गात बावीस-तेवीसची मुलं असतील, पहिले काही आठवडे ती तुम्हाला ‘मॅम’ म्हणतील. सहा वर्षं शिकवलेल्या बाईला अभ्यासाची शिस्त त्यांच्यापेक्षा जास्त असते. गाईड निवडताना पेपर बघता तसं लॅबचं वेळापत्रकही बघा : ग्रुप मीटिंग संध्याकाळी सातला असते का, रविवारी लोक येतात का, आधीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला मूल होतं का. सीनिअर विद्यार्थिनींना विचारा, त्या खरं सांगतात. गाईडला रुजू झाल्यावर एकदाच, दोन वाक्यांत सांगा की मला चार वर्षांची मुलगी आहे, मी साडेपाचला निघेन आणि सकाळी आठला येईन. माफी मागितल्याच्या सुरात नको. पुढे दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर संस्थेची नियमावली आधी वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या स्त्रियांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा आणि मुदतीत दोन वर्षांपर्यंत जादा सवलत आहे. तुमच्या संस्थेचे नियम स्वतंत्र असतात, पण काय मागता येतं हे माहीत असलेलं बरं.

राहिल्या सासूबाई. त्यांनी जे सुचवलं ते नातीच्या ओढीनेच सुचवलंय, त्यात खोट काढू नका. त्यांना ‘नको’ असं एका शब्दात कळवू नका. सहा आठवडे पोर तुमच्याकडेच आहे, असं सांगा. आणि पुढचंही एक काम आत्ताच मागून ठेवा : दुसऱ्या वर्षाच्या सुमारास तुमची कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे पीएचडीतली पात्रता परीक्षा येईल, तो महिना तुम्ही घरात असून नसल्यासारख्या असाल, तेव्हा त्यांनी येऊन राहावं. येणं अवघड नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस मिरजेला मिळते आणि यशवंतपूरला थांबते, तिथून मत्तीकेरे रिक्षाच्या अंतरावर आहे.

गणपतीला तुम्ही त्याच गाडीने मिरजेला याल आणि विसर्जन झाल्यावर तिघं परत जाल. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या तारखा सगळ्यांनाच ठाऊक असतात. दोन्ही बाजूंची तिकिटं उघडतील त्याच सकाळी काढा. परतीची तीन, त्यात लेकीसाठी बर्थ मागायला विसरू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही, आणि एवढ्या लांबच्या रात्रीच्या प्रवासाला तिला मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा पूर्ण भाडं भरलेलं बरं.